अंजूचं पाणी

"त्याला सदरा घाल," रतनबाई म्हणाली.

अंजूचा माउसवरचा हात थांबला. पडद्यावर नदी होती, पूर आलेली, आणि त्या पुरात एक राखाडी माणूस वाहत होता. त्याला नाक नव्हतं, डोळे नव्हते, बोटं एकमेकांना चिकटलेली. कापडाच्या दुकानात उभा असतो तसला पुतळाच होता तो.

"माय, हा काही आपला अंगद न्हाई. नुसता अंदाजाला ठेवलाय. त्याच्या वजनाचा, त्याच्या उंचीचा."

"कळतंय मला. येडी न्हाई झाले मी आजून. पर उघडा कावून ठिवलास त्याला? चौकटीचा सदरा व्हता त्याच्या अंगात. सदरा घाल, मंग म्होरं दाव."

पाण्यात भिजलेलं कापड अंगाला कसं चिकटतं, हे संगणकात दाखवायचं म्हणजे मोठं काम असतं. पुण्याच्या ऑफिसात त्याला वेगळी माणसं होती. अंजूनं आपला नुसता निळ्या चौकटींचा रंग त्या पुतळ्याला फासला. रतनबाईला तेवढं पुरलं. पदराचं टोक दातात धरून ती पुढं सरकून बसली आणि म्हणाली, "हां. आता सोड."

अंजूनं पाणी सोडलं.

आता हे पाणी काय प्रकरण होतं ते सांगायला पाहिजे. अंजू पुण्याला पाणी करायची. सिनेमातलं पाणी. पडद्यावर जहाज बुडतं, गाव वाहून जातं, नटी धबधब्याखाली उभी राहते, तेव्हा त्यातलं निम्मं पाणी कुठल्याच नळाला आलेलं नसतं. ते अंजूसारख्या पोरापोरींनी संगणकात केलेलं असतं. आधी जमिनीचा आकार द्यायचा. मग तिच्यावर पाण्याचे कण सोडायचे, कोट्यवधी. एका कणानं शेजारच्याला किती ढकलायचं, खडकावर आपटून किती उडायचं, फेस कुठं धरायचा, गढूळ किती दिसायचं, हे सगळं ठरवून द्यायचं, आणि मग यंत्र बिचारं एकेक चित्र काढत बसतं. वस्तीवर हे समजावून सांगता सांगता तिनं हात टेकले होते. उन्हाळाभर टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या बायकांना 'मी पाणी करते' म्हणून सांगायचं म्हणजे आपणहून चेष्टेला बोलावणं धाडण्यासारखं. तिचा भाऊ अंगद तर दर फोनला विचारायचा, "आज किती केलं गं पानी? आमच्या हिरीत बी सोड की दोन बोटं."

यंदा कुणी सोडायची गरजच पडली नाही. पाऊस असा लागला की हिरी तोंडापर्यंत भरल्या, बांध फुटले, उभी कपाशी आडवी झाली. वस्ती आणि डेअरीचं गाव उमापूर यांच्या मधोमध नदीवर फरशीपूल आहे. पुलावरून गुडघाभर पाणी चाललं होतं. दुधाचे कॅन मोटारसायकलला अडकवून अंगद त्याच्यावर चढला. पलीकडच्या माणसांनी हात वर करून नको नको केलं, पण डेअरी बंद व्हायची वेळ झाली होती आणि दूध काही थांबत नाही. तो निम्म्यात असताना वरचा बंधारा फुटला. मोटारसायकल दुसऱ्या दिवशी सापडली. कॅन खालच्या उसात सापडले, एकाचं झाकण तर घट्ट बसलेलं होतं, आतलं दूध तसंच. अंगद सापडला नाही.

होड्या आल्या, गळ टाकले, होड्या गेल्या. सुरुवातीला सगळी वस्ती काठानं फिरत होती, मग नुसती भावकी, मग एकटा आसाराम. अंगदचा आणि अंजूचा बाप. जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस. मेंढरं त्यानं मेव्हण्याच्या हवाली केली आणि तो काठी घेऊन रोज नदीवर जाऊ लागला. जिथं गाळ मऊ दिसेल तिथं काठी खुपसायची, हाताला काही लागतंय का बघायचं, पुढं सरकायचं.

मयत नाही म्हणून सुतक नाही. सुतक नाही म्हणून दहावं नाही, तेरावं नाही. भेटायला येणाऱ्या बायकांना मोकळेपणी गळ्यात पडून रडताही येईना. अंगदची बायको मनिषा सकाळी कुंकवाची डबी उघडायची, दाराकडं एकदा बघून घ्यायची आणि गुपचूप लावायची. ती विधवा आहे का नाही हे घरात कुणी बोलत नव्हतं. बोलायची हिंमतच नव्हती कुणाची.

अंजू रजा टाकून आली होती, आपला संगणक पेटीत बांधून घेऊन आली होती. तो खोलीत मांडलेला रतनबाईनं बघितला आणि त्या दिवसापासून ती तिच्या खनपटीलाच बसली.

"तू पानी करतीस ना? मंग हे कर. हीच नदी, हाच पूर. सोड त्याला त्याच्यात, अन् कुठं जातोय बघ."

"माय, आमचं पाणी दिसायला खरं असतं. खरं नसतं. डायरेक्टर म्हणला लाट मोठी पायजे, की आम्ही मोठी करतो."

"हितं कोन हाय डायरेक्टर? तू नगं करू मोठी. जेवढी व्हती तेवढीच ठिव."

आणि लपवायचं कशाला, अंजूलाही आशा लागली होती. माणूस बुडायला लागल्यावर काय धरील सांगता येत नाही, आणि ते घर पुराच्या दिवसापासून बुडतच होतं. तिनं उपग्रहाचा नकाशा उतरवून घेतला. नकाशात नदीचं अंग दिसतं, पोट दिसत नाही. म्हणून आसारामनं अंगणात ओल्या मातीची नदी करून दाखवली. हा डोह, हा खडक, इथं बाभळींचं बन, इथं पोरं पोहतात, इथं पाणी वळून मागं येतं. अंजूनं त्या मातीच्या नदीचे चहूबाजूंनी फोटो काढले आणि तिच्या मापानं संगणकात नदी उभी केली.

आणि ती खरीच दिसत होती, हे तिचं दुर्दैव. पुण्यात असं पाणी जमलं असतं तर आजूबाजूची पोरं खुर्च्या ओढून बघायला आली असती.

तर चौकटीचा सदरा घातलेला तो माणूस फरशीपुलावरून खाली पडला, पाण्याखाली गेला, वर आला, खडकाला घासून फिरला आणि वळणावरच्या बाभळींच्या बनात जाऊन अडकला. पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी वाहू लागलं. तो हलेना.

"बद्रीनाथला बोलवा," रतनबाई म्हणाली. ती उठलीसुद्धा होती.

बद्रीनाथचा जेसीबी होता. माणूस तोंडाचा फटकळ, पण अंगदचा जिवाचा दोस्त. तो काही न विचारता यंत्र घेऊन आला आणि बाभळी उपटून काढू लागला. रतनबाई कोरं धोतर मांडीवर घेऊन काठावर बसली, गुंडाळायला. गाळातून कुणाची तरी बाज निघाली, पत्रे निघाले, फुगलेलं शेरडू निघालं. शेरडाचे पाय दिसले तेव्हा रतनबाई उभी राहिली, मग परत बसली. संध्याकाळपर्यंत बनाचं नुसतं मैदान झालं. धोतराची घडी होती तशी घरी आली.

"आता दुसरं बघ," ती अंजूला म्हणाली.

इथं अंजूनं सांगायला पाहिजे होतं, आणि तिनं सांगितलं नाही. पाण्याचा वेग रेसभर वाढवला की माणूस बाभळींना लागतच नव्हता. गाळ जरा दाट धरला की डोहात बसत होता. वजन कमीजास्त केलं की आणखी तिसरीकडं. तिनं त्याला कितीदा सोडला असेल त्याला गणती नाही, आणि जितक्यांदा सोडला तितक्या जागा निघाल्या. त्यातली जी तिच्या मनाला पटायची ती ती दाखवायची. सिनेमातही असंच करतात. दहा लाटा करायच्या आणि डोळ्याला भरेल ती ठेवायची. दहातली एकही समुद्रात आलेली नसते.

दुसऱ्या खेपेला तिनं पुलाच्या खालच्या अंगाला, त्याच पुरात फुटलेल्या दुसऱ्या बंधाऱ्याच्या पायथ्याची जागा दाखवली. जेसीबी यायला उशीर लागत होता. आसारामला दम निघेना. तो काठी घेऊन त्या गाळात उतरला आणि कंबरेपर्यंत गेला, बघता बघता छातीपर्यंत गेला. ओरडलासुद्धा नाही. बद्रीनाथ पोचला तेव्हा त्याला फक्त डोकं आणि वर धरलेली काठी दिसली. जेसीबीचा पंजा खाली सोडून, त्याला तो धरायला लावून, त्यानं म्हातारा वर ओढला. आसाराम काठावर पडल्या पडल्या म्हणाला, "खाली कायतरी लागत व्हतं रे पायाला." बद्रीनाथनं ते उकरून काढलं. बंधाऱ्याचा सिमेंटचा तुकडा होता.

मग बद्रीनाथनं अंजूला बाजूला बोलावलं. चिखलानं माखलेला होता, आवाज दबका.

"अंजू, खरं सांग मला. ते मशीन सांगायलंय का तू सांगायलीस?"

अंजूला पुष्कळ काही सांगता आलं असतं. ती म्हणाली, "मीच सांगतीय, दादा."

"मंग बंद कर हे. न्हाईतर तुझा बाप बी ह्याच गाळात हुडकावा लागंल मला."

बंद कर म्हणणं सोपं होतं. घरी आल्यावर आसाराम तापानं फणफणला होता आणि पांघरुणाखालूनच विचारत होता, "अंजे, तिसरी जागा निघाली का?" रतनबाई संगणकासमोर मांडी ठोकून बसली होती. ही दोघं थांबणार नाहीत, अंजूला लख्ख कळलं. नदी उकरून संपेल, मग शेतं उकरतील, आणि त्यात मरतील. मला माहीत नाही असं म्हटलं तर पोरगी कंटाळली म्हणतील आणि नुसत्या काठीनं निघतील.

सिनेमाच्या कामात एक सोय असते. पाणी ऐकत नसलं की त्याच्यात न दिसणारी ओढ ठेवायची. मग पाणी पाहिजे तिकडं निमूट जातं, आणि बघणाऱ्याला वाटतं ते आपसूकच गेलं. अंजूनं ती ओढ फरशीपुलापासून थेट गंगेपर्यंत टाकली. गोदावरीला इकडं गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईला हाक मारली.

चौकटीच्या सदऱ्याचा माणूस पुलावरून पडला. बाभळींच्या जवळून गेला, अडकला नाही. खालच्या बंधाऱ्यावरून गेला, थांबला नाही. नदी रुंद होत गेली, काठ लांब गेले, आणि शेवटी ते सगळं पाणी मोठ्या पाण्यात मिसळलं. त्यात तो बारीक होत होत दिसेनासा झाला.

"कुठं गेला?"

"गंगेला, माय."

"कुठं टेकला बी न्हाई?"

"न्हाई."

"पुन्यांदा दाव."

अंजूनं दाखवलं. रतनबाईनं ते परत परत बघितलं. आसाराम उठून दारात येऊन उभा होता, अंगावर घोंगडी घेऊन.

"गंगेत गेल्यावर काय उकरायचं," रतनबाई म्हणाली. "गंगा का बंधारा हाय, जेसीबी लावायला." आणि मग ती रडली. पूर आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं, छाती पिटून, पोराचं नाव घेऊन रडली. शेजारच्या बायका धावत आल्या आणि त्यांनाही एकदाचं रडता आलं. आसारामनं काठी दाराआड उभी केली आणि खाली बसला.

अंजूला सुटल्यासारखं वाटलं. आपल्या हातानं भावाला बुडवल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

अंग सापडलं नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. ती रीत करायची ठरली. पानं आणायला आसाराम स्वतः गेला, दुसऱ्या कुणाला तोडू दिली नाहीत. त्या सकाळी अंगणात भावकीची माणसं बसून ती पानं दोऱ्यानं बांधत होती. डोक्याची वेगळी, छातीची वेगळी, हातापायांची वेगळी. रतनबाई पलीकडं भिंतीला टेकून बघत होती. आसारामची बहीण कौशल्याबाई आली होती. नदीवर गेल्यावर मनिषाचं कुंकू पुसायचं काम तिच्याकडं होतं, म्हणून ती सारखी मनिषा कुठं आहे बघत होती.

मनिषा संगणकाच्या खोलीत आली होती. इतक्या दिवसांत तिनं या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. सगळे बघत असताना ती चुलीपुढं बसून राहायची. ती आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"ताई, जरा इचारायचं व्हतं."

"विचारा की, वहिनी."

"तुमी लई बारी सोडलं ना त्यांना पान्यात?"

अंजू चपापली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आवाज येतोय ना मशीनचा. रोजच येत व्हता." मनिषानं पदर सारखा केला. "मला म्हनायचंय, यवढ्या बारी सोडलं तर एकांद्या बारीला तरी काठाला लागले आसतील. चालत वर आले आसतील. ते तुमी दावलं नसंल कुनाला. तसलं आसंल तर मला दावा."

पूर करायचा म्हणजे त्यात वाहणाऱ्या वस्तू टाकाव्या लागतात. ओंडका, घागर, बाज, सरकीचं पोतं. त्यांची अंजूकडं तयार यादी असते. त्या यादीतूनच तिनं माणूस उचलला होता, वजन टाकलं होतं, उंची टाकली होती, हातपाय सैल सोडले होते. पुलावर पाण्याला लागायच्या आधीच तो मेलेला होता. कितीदा सोडला, कुठं कुठं सोडला, पण एकदाही जिवंत सोडला नव्हता. आणि हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

"न्हाई वहिनी," ती म्हणाली. "मी तो नुसता वाहता ठेवला होता. तो हात हलवत नव्हता."

"कावून?" मनिषा म्हणाली. "त्यांना तर पवता येत व्हतं."

ती रागावली नव्हती. अंजूला ठाऊक नसावं असं वाटून सांगत होती. अंजूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती हमसून हमसून रडू लागली. मनिषानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "मला पूर नका दावू. गंगा बी नगं. साधं पानी ठिवा अन् नुसते पवताना दावा. एकडाव."

बाहेरून कौशल्याबाईची हाक आली. "मनिषा, ए मनिषा. निघायचंय गं बाई."

अंजूनं डोळे पुसले आणि खुर्ची पुढं ओढली. सगळा पूर तिनं काढून टाकला, गंगेची ओढ काढून टाकली. नुसता डोह ठेवला, आसारामनं मातीत दाखवलेला. त्यात तो माणूस आडवा ठेवला.

"सांगा, वहिनी. कसा हात मारायचा तो?"

मनिषा खोलीच्या मधोमध उभी राहिली. आधी लाजली. मग तिनं उजवा हात वर उचलला.

"ह्यो आधी. आसा. लांब टाकायचे. अन् मान वरच ठिवायचे, कानात पानी जातंय म्हनून. डावा जरा जवळच पडायचा, ल्हानपनी मोडला व्हता न्हवं."

मोडला होता. बोरीवरून पडला होता, तेव्हा अंजू खालीच उभी होती. ती विसरून गेली होती. तिनं पडद्यावरचा डावा हात जरा आखूड टाकला.

"आसा?"

"आजून जवळ. हां. आता पाय."

दार ढकलून आसाराम आत डोकावला. बाहेर सगळे उठले होते, पानांचा माणूस तिरडीवर बांधून झाला होता, म्हणून तो त्यांना बोलवायला आला होता. त्यानं पडद्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. मग दार ओढून घेतलं, आणि अंगणात त्याचा आवाज ऐकू आला, "थांबा जरा. टेकवा ते खाली. येत्यात पोरी."

"पुन्हा एकदा दाखवा, वहिनी," अंजू म्हणाली. "सुरुवातीपासून."

मनिषानं परत उजवा हात उचलला. हातभर हिरव्या बांगड्या होत्या, हात वर गेला की त्या कोपरापर्यंत घसरत होत्या आणि खाली आला की किणकिणत मनगटावर जमा होत होत्या. अंजू पडद्याकडं न बघता त्या हातांकडंच बघत एकेक चित्र पुढं सरकवत होती.